प्रिंट कुणी सोडली?

नेटवर्कवरची छपाईची कामं सांभाळणाऱ्या संगणकावर, म्हणजे प्रिंट सर्व्हरवर, पेज लॉग नावाची एक साधी फाइल असते. सेटिंगमध्ये ती चालू करून ठेवली, की कुठल्या प्रिंटरवर कुणी, केव्हा, किती पानं छापली याची एकेक ओळ तिच्यात पडत जाते. एका लहान संस्थेचं नेटवर्क मी सांभाळत होतो, तेव्हा एकदा या फाइलमध्ये एका सहकाऱ्याच्या नावावर १४० पानं दिसली. तो सहकारी त्या आठवड्यात रजेवर होता. लबाडी कुणीच केली नव्हती. त्याचा जुना लॅपटॉप दुसऱ्या कुणाकडे गेला होता आणि त्यावर त्याच्याच नावाचं खातं तसंच राहिलं होतं. लॅपटॉपने सांगितलं, ‘मी अमुक.’ सर्व्हरने ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून छपाई आणि ओळख हे दोन विषय मला वेगळे वाटेनासे झाले.

आधी छपाईचं बघू. लिनक्स किंवा मॅकवर आपण प्रिंटचं बटण दाबतो तेव्हा मागे बहुतेक वेळा ‘कप्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, काम करत असतं. मायकेल स्वीट यांनी ते १९९७ साली लिहायला घेतलं आणि १९९९ मध्ये लोकांसमोर आणलं. ॲपलने २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं. आज ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प ते पुढे नेतो आहे.

कप्सच्या आधी युनिक्सवर एलपीडी नावाची जुनी पद्धत चालायची. ती फारच अबोल होती. फाइल घे, रांगेत लाव, रांग दाखव, काम रद्द कर, एवढंच. प्रिंटर रंगीत आहे का, कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापतो का, ट्रेमध्ये कागद आहे का, हे विचारायची सोयच नव्हती. कप्सने आयपीपी हा नवा प्रोटोकॉल पायाला धरला. प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी आपसात कसं बोलायचं याचे ठरवलेले नियम. आयपीपीची गंमत अशी की तो वेब ज्यावर चालतं त्या एचटीटीपीवरच बसवलेला आहे. म्हणजे नेटवर्कवरचा प्रिंटर हा एक छोटासा वेब सर्व्हर असतो, ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या ठरलेल्या दारावर, कान देऊन बसलेला. संगणक त्याला विचारतो, तुला काय काय येतं? प्रिंटर यादी पाठवतो: कागदाचे आकार, फाइलचे प्रकार, रिझोल्यूशन. कागद संपला असेल तर तेही कळवतो.

हा संवाद लहान वाटतो, पण त्याने ड्रायव्हरची, म्हणजे प्रिंटर चालवण्यासाठी संगणकावर टाकाव्या लागणाऱ्या खास सॉफ्टवेअरची, कटकट संपत आणली. पूर्वी प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा ड्रायव्हर शोधावा लागे. आता प्रिंटर स्वतःच आपली माहिती देतो. २०१० मध्ये आलेलं एअरप्रिंट आणि २०१३ मधलं आयपीपी एव्हरीव्हेअर ही ड्रायव्हरशिवाय छापण्याची दोन्ही तंत्रं याच पायावर उभी आहेत. मोबाइलवरून काहीही इन्स्टॉल न करता प्रिंट निघते ती यामुळेच.

मधलं कष्टाचं काम मात्र कुणालातरी करावंच लागतं. ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके धरून, छापायचं तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. एकेका ठिपक्याला एकच बिट धरला, तरी एका पानाचे सव्वाचार मेगाबाइटच्या वर जातात. पीडीएफमधलं ‘इथे क हे अक्षर, अमुक आकारात’ हे वर्णन या ठिपक्यांत उतरवायचं काम नव्या प्रिंटरमध्ये बऱ्याचदा आतच होतं. जुन्या प्रिंटरसाठी ते कप्सचे फिल्टर करतात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची एक ठिणगीही प्रिंटरपाशीच पडली होती, हे मला फार बोलकं वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय करून ठेवली होती: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड मिळेना. साधा निरोपही आता जोडता येत नव्हता. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला.

आता ओळखीकडे. आयपीपीच्या विनंतीत प्रिंट कुणाची हे सांगणारा रकाना असतो, पण वेगळी तपासणी लावली नसेल तर तो निव्वळ दावा असतो. माझ्या लॉगमध्ये नेमकं हेच झालं होतं. दावा तपासायचा तर पासवर्ड मागायला हवा. पण प्रत्येक प्रिंटर, प्रत्येक सर्व्हर पासवर्ड मागू लागला, तर पासवर्ड तितक्या वेळा तारेवरून फिरणार आणि तितक्या ठिकाणी उघडा पडायची भीती राहणार.

यावरचं उत्तर एमआयटीच्याच अथीना प्रकल्पातून आलं. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात केर्बेरॉस तयार झालं. नाव ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं. यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमचा संगणक पासवर्डपासून एक किल्ली बनवतो आणि त्या किल्लीने घड्याळातली वेळ कुलूपबंद करून मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरकडे तीच किल्ली असते. कुलूप उघडलं आणि आतली वेळ आत्ताची निघाली, तर माणूस तोच. मग सर्व्हर एक तिकीट देतो. ते सीलबंद पाकिटासारखं असतं, तुमच्या हातात असूनही तुम्हाला आत बघता येत नाही. प्रिंट सर्व्हरकडे जायचं असेल तेव्हा हे पाकीट दाखवून खास त्या सर्व्हरसाठीचं दुसरं पाकीट घ्यायचं. ते फक्त प्रिंट सर्व्हरच्या किल्लीने उघडतं. त्यामुळे पाकीट उघडलं, की मध्यवर्ती सर्व्हरला पुन्हा न विचारता प्रिंट सर्व्हरला तुमची खात्री पटते. आणि तिकिटाला मुदत असते, सहसा काही तासांची.

घड्याळाची अट मला प्रत्यक्षात भेटली ती एका जुन्या डेस्कटॉपवर. पासवर्ड बरोबर, शेजारच्या मशीनवर तोच चालतो, इथे मात्र नकार. तीन वेळा टाइप करून पाहिला. शेवटी लॉग उघडला, तर ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळांतला फरक फार मोठा. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी मेली होती आणि मशीन कित्येक वर्षं मागच्या तारखेत जगत होतं. केर्बेरॉस सहसा पाच मिनिटांपलीकडचा फरक खपवून घेत नाही, कारण जुना निरोप चोरून कुणी पुन्हा वापरू नये. बॅटरी बदलली, वेळ जुळवली, दार उघडलं.

केर्बेरॉस ओळख पटवतं, पण माणसांची यादी ठेवत नाही. कोण कुठल्या गटात, कुणाला कुठल्या प्रिंटरची परवानगी, हे एलडॅप या निर्देशिकेत असतं. ही पद्धत १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून पुढे आली. दोन्ही स्वतः जोडत बसणं जिकिरीचं असतं, म्हणून मी फ्रीआयपीए सुचवेन. त्यात निर्देशिका, केर्बेरॉस आणि सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रं एकत्र बांधून मिळतात. विंडोजची मशीनं जास्त असतील तर सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर घ्यावं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याची सुरुवात ऑस्ट्रेलियात केली आणि २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते विंडोज नेटवर्कवरची खाती आणि ओळख सांभाळणाऱ्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीची जागाही घेऊ शकतं.

न तपासलेला दावा फक्त माणसांचाच नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या सोबत येणाऱ्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ या सेवेतल्या त्रुटी उघड झाल्या. ६३१ पोर्टवर आलेला ‘मी नवा प्रिंटर आहे’ हा निरोप ती कुणाकडूनही खरा मानायची. खोट्या प्रिंटरने आपल्या माहितीत आज्ञा लपवून पाठवली आणि कुणी त्याला प्रिंट सोडली, की ती आज्ञा संगणकावर चालायची. त्यानंतर हे जुन्या पद्धतीने ऐकत बसणं प्रकल्पाने काढून टाकलं. तुमच्या लिनक्स सर्व्हरवर ही सेवा विनाकारण चालू असेल तर बंद करा, आणि ६३१ पोर्ट इंटरनेटकडून उघडा नाही ना, हे आजच बघून घ्या.