पी६७, एच६७ आणि झेड६८ (इंटेल चिपसेट)

इंटेलने २०११ साली ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांसाठी आणलेले, एलजीए ११५५ सॉकेटच्या मदरबोर्डांवरचे तीन चिपसेट, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांना जोडणाऱ्या चिप. प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स वापरायचे की प्रोसेसर ठरीव वेगापेक्षा जास्त पळवायचा (ओव्हरक्लॉकिंग), यांतले एकच काहीतरी निवडायला पहिल्या दोघांनी ग्राहकाला भाग पाडले. तिसऱ्यात दोन्ही मिळाले, पण चार महिन्यांनी.

त्याआधी बरीच वर्षे अंगभूत ग्राफिक्स मदरबोर्डवरच्या नॉर्थब्रिज या चिपसेटच्या मुख्य चिपमध्ये असे, त्यामुळे चांगला चिपसेट म्हणजे चांगले चित्र असा सरळ हिशेब होता. इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या २००८ सालच्या ७९०जीएक्स चिपसेटवर रेडिऑन एचडी ३३०० ग्राफिक्स होते आणि सोबतच्या एसबी७५० चिपमुळे ओव्हरक्लॉकिंगलाही मदत होई; दोन्हींत वैर नव्हते. सँडी ब्रिजमध्ये मात्र ग्राफिक्स ३२ नॅनोमीटर तंत्राने बनवलेल्या प्रोसेसरच्याच चिपवर आले. चिपसेटकडे उरले ते तयार चित्र मॉनिटरच्या सॉकेटपर्यंत पोचवण्याचे काम. त्यासाठी प्रोसेसर आणि चिपसेट यांच्यात फ्लेक्सिबल डिस्प्ले इंटरफेस (एफडीआय) नावाची वेगळी वाट आहे. एच६७ मध्ये ती होती, पी६७ मध्ये नव्हती. म्हणून पी६७ च्या बोर्डावर वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच उमटत नसे.

ओव्हरक्लॉकिंगची अडचण निराळी. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (तो कितीपट करायचा तो आकडा), ३.३ गिगाहर्ट्झ म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ३३. जुन्या बोर्डांवर हौशी मंडळी बेस क्लॉकच वर ढकलत आणि स्वस्तातल्या प्रोसेसरकडून महागड्याचे काम करून घेत. सँडी ब्रिजमध्ये पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे जोडणारी वाट) आणि साटा (हार्ड डिस्क जोडणारी वाट) यांचे ठोकेही त्याच क्लॉकला बांधले गेले. तो काही टक्क्यांपलीकडे नेला की सगळेच डळमळू लागे. उरला मल्टिप्लायर. तो पूर्ण खुला फक्त नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरांत, म्हणजे कोअर आय५-२५००के आणि आय७-२६००के मध्ये, आणि तोही बोर्ड पी६७ असेल तरच हलवता येई. एच६७ वर ग्राफिक्सचा वेग वाढवायला मुभा होती, प्रोसेसरचा वाढवायला नाही.

यातली गंमत अशी, की जास्त ताकदीचे एचडी ग्राफिक्स ३००० इंटेलने नेमके ‘के’ प्रोसेसरांत घातले होते; बाकीच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत एचडी २००० होते, ज्यात गणन-एकके निम्मीच, १२ ऐवजी ६. म्हणजे जास्त पैसे मोजून २५००के घेणाऱ्याने पी६७ बोर्ड घेतला तर ग्राफिक्स वाया, एच६७ घेतला तर ‘के’ वाया. व्हिडिओ झटपट रूपांतरित करणारी क्विक सिंक ही सोय अंगभूत ग्राफिक्सवरच चालत असल्याने पी६७ वाल्यांना तिच्यावरही पाणी सोडावे लागे. हे तांत्रिक अपरिहार्यतेतून आले असे म्हणणे कठीण आहे. मे २०११ मध्ये झेड६८ आला, त्यात एफडीआय होता आणि मल्टिप्लायरही खुला होता. बाजारातले कप्पे वेगळे ठेवण्याचाच हा खेळ होता.

झेड६८ ने आणखी एक गोष्ट आणली : ६४ जीबीपर्यंतची एसएसडी (चिपवर साठवण करणारी वेगवान डिस्क) हार्ड डिस्कसाठी कॅश, म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीचा जलद साठा, म्हणून वापरणारी स्मार्ट रिस्पॉन्स ही सोय. एसएसडी महाग होत्या तेव्हा तिचे अप्रूप होते. ग्राफिक्स कार्ड आणि अंगभूत ग्राफिक्स एकत्र वापरू देणारे ल्युसिड कंपनीचे व्हर्च्यू हे सॉफ्टवेअरही बऱ्याच झेड६८ बोर्डांसोबत मिळे. दोन ग्राफिक्स कार्डांसाठी प्रोसेसरच्या पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेन (माहितीच्या मार्गिका) ८-८ अशा वाटून देण्याची सोय पी६७ आणि झेड६८ मध्ये होती, एच६७ मध्ये नव्हती.

पहिल्या दोन चिपसेटांची सुरुवातही नीट झाली नाही. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने दोष जाहीर केला : ३ गिगाबिट वेगाचे चार साटा पोर्ट काळानुसार खराब होऊ शकत होते, ६ गिगाबिटचे दोन ठीक होते. एका ट्रान्झिस्टरला जास्त व्होल्टेज मिळत असल्याने हे घडत होते. बोर्ड परत मागवावे लागले. दुरुस्ती आणि बदलीचा खर्च कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर धरला. सुधारित चिप ‘बी३’ म्हणून ओळखली जाते. या ६-मालिकेचा जुना बोर्ड घेताना आजही आधी तेवढे पाहावे. झेड६८ नंतर आल्याने त्यातून सुटला.

२०१२ च्या ७-मालिकेत पी-वर्ग उरला नाही. झेड७७, झेड७५ आणि एच७७ या तिन्हींतून चित्र मिळू लागले. मल्टिप्लायरचे कुलूप मात्र एच७७ वर राहिले. २०१९ पासून इंटेल नावात ‘एफ’ असलेले, ग्राफिक्स बंद केलेले प्रोसेसर विकू लागली. आय५-९६००केएफ झेड३९० बोर्डावर बसवला, तर ओव्हरक्लॉकिंग होते, पण बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट निर्जीवच राहतो.