ऑर्किड दिसलं, पण ठिकाण विचारू नका

पावसाळा लागला की सह्याद्रीतल्या रानफुलांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. सोनकी, तेरडा, कारवी यांच्या फोटोखाली गावाचं, घाटाचं नाव बिनदिक्कत लिहिलेलं असतं. फोटो दुर्मीळ ऑर्किडचा असला की मात्र ‘सातारा जिल्हा’ किंवा नुसतं ‘पश्चिम घाट’ एवढ्यावर भागवलं जातं. नेमकं कुठे, असं विचारलं तर उत्तर येत नाही. नवख्या माणसाला हा आखडूपणा वाटतो. मला ही सवय योग्य वाटते, आणि ती कशी पडली हे समजून घ्यायचं तर सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षं मागे जावं लागतं.

झाडावर उगवणारी ऑर्किडं, म्हणजे आमरी, आपल्या लोकांना पूर्वापार माहीत आहेत. आंब्या-फणसाच्या फांदीवरून जूनमध्ये लोंबणारे गुलाबी ठिपक्यांचे पांढरे घोस कोकणात आणि घाटमाथ्यावर ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखले जातात, कुठे कुठे ‘द्रौपदीची वेणी’ म्हणूनही. याच ऑर्किडचं एक फार जुनं छापील चित्र कोचीच्या डच गव्हर्नरामुळे तयार झालं. हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारातल्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांत मलयाळी वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेली साक्ष ग्रंथात जशीच्या तशी छापलेली आहे. बाराव्या खंडात झाडांवरची ऑर्किडं आली आणि त्यांत पहिलंच चित्र सीतेच्या वेणीचं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याचा मुख्य आधार हे चित्रच होतं. ऱ्हेडे स्वतः तो खंड पाहू शकला नाही. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेला जाताना मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच त्याचा मृत्यू झाला आणि सुरतेत त्याला पुरलं.

नीट काढलेल्या चित्रावरून एखाद्या ऑर्किडची ओळख कायमची ठरू शकते, हे इतक्या आधी सिद्ध झालं होतं. पुढची दोनशे वर्षं मात्र उलट्या दिशेने, चित्रापेक्षा रोपच उचलून नेण्याकडे गेली.

मुंबई इलाख्यात वनस्पतींच्या नोंदी करणारे सुरुवातीचे लोक पोटापाण्यासाठी दुसरंच काही करत होते. जॉन ग्रॅहॅम पोस्ट खात्यात होते. त्यांची मुंबईतल्या वनस्पतींची यादी छापखान्यात असतानाच, १८३९ साली, ते खंडाळ्याला वारले. मित्रांनी ती पूर्ण करून त्याच वर्षी प्रसिद्ध केली. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा हे जमिनीवरच्या एका ऑर्किडचं नाव त्या यादीतलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाटमाथ्यावरच्या गवतात उभं राहणारं हे पांढरं फूल आजही रानफुलांच्या फोटोग्राफरांच्या खास आवडीचं आहे. अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर. पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग त्यांच्याकडे होती आणि १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीत त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत, पण त्या चित्रकाराचं नाव कुणी नोंदवून ठेवलं नाही. मला ही गोष्ट फार लागते, कारण रंग आणि आकार वाचवण्याचं खरं काम त्यानेच केलं होतं. गिब्सन यांच्यानंतर वनखात्याची सूत्रं निकोल डॅल्झेल यांच्याकडे आली आणि दोघांनी मिळून १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला. सह्याद्रीतल्या बोटभर उंचीच्या, झाडांच्या फांद्यांवर दडलेल्या कितीतरी ऑर्किडांचं पहिलं वर्णन डॅल्झेल यांच्या नावावर आहे.

या मंडळींच्या नोंदीत ठिकाण मोघमच असे: ‘कोकण’, ‘महाबळेश्वर’, ‘घाटमाथा’. तेवढ्यावर त्या काळी भागत होतं. ठिकाण कळल्याने काय होतं हे देशाच्या दुसऱ्या टोकाला, आजच्या मेघालयातल्या खासी टेकड्यांत, दिसलं. १८५० मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी तिथे निळा वांडा या ऑर्किडची झाडी पाहिली. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानासाठी त्यांनी सात हमालांची ओझी भरतील इतकी रोपं उतरवली. इंग्लंडला त्यांतली फारच थोडी जिवंत पोचली. एका गृहस्थाने जागा पाहून यायला आपला माळी हूकर यांच्यासोबत पाठवला होता. त्या गृहस्थाने नंतर एकाच माणसाचं ओझं विलायतेला धाडलं आणि ते अर्धमेलं पोचूनही तीनशे पौंडांना विकलं गेलं. हे सगळं हूकर यांनीच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. इथे ‘जागा पाहून येणं’ हे किती महागात पडतं याचा हिशेब एका परिच्छेदात मिळतो.

त्या काळच्या इंग्लंडात ऑर्किडचं वेड होतं, पण रोपं रानातूनच ओरबाडावी लागत याला कारण बियांमध्ये होतं. ऑर्किडचं बी धुळीएवढं बारीक असतं आणि त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. जमिनीत किंवा सालीवर असलेल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. बुरशीचा हा भाग फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये ओळखला. बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमात बी रुजवण्याची रीत अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवली. तोवर काचघरांतली बहुतेक रोपं थेट जंगलातून आलेली असत. रानातलं रोप उपटून अंगणात लावलं की ते का मरतं, याचं उत्तरही बऱ्याच अंशी इथेच आहे, विशेषतः जमिनीवरच्या ऑर्किडांच्या बाबतीत.

आपल्याकडे पुढचं काम मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झालं. स्विस जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि कर्नाटकातल्या कॅसल रॉकला जन्मलेले चार्ल्स मॅकॅन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांची फेरतपासणी १९३१-३२ मध्ये क्रमशः छापली. जूनच्या पहिल्या पावसांनंतर सड्यांवर आणि पठारांवर एकाच पानावर उगवणारी हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस हे नाव त्यांचंच. त्यांच्यानंतर त्याच कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आले. पुढे ते भारतीय नागरिक झाले आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुखही. झेड. जे. कपाडिया यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ १९६६ मध्ये आला आणि पुढच्या पिढ्यांनी ऑर्किड ओळखायला त्याचाच आधार घेतला. पाचगणीच्या नावाची हॅबेनारिया पंचगणिएन्सिस याच जोडीने शास्त्राला सांगितली.

या सगळ्यांचा पुरावा म्हणजे टिपकागदात दाबून वाळवलेलं रोप. गवत किंवा डाळवर्गीय झुडूप दाबून छान राहतं, ऑर्किड राहत नाही. मांसल कंद आठवडेच्या आठवडे वाळत नाहीत, कधी कागदातच कोंब काढतात. फूल चपटं होऊन काळं पडतं, आणि ओळख पटवणारी त्याची सगळी घडण मात्र उठावाची असते. मग संशोधक वाळलेलं फूल पाण्यात उकळून मऊ करतो आणि सुईने उलगडतो. रंग आणि वास गेलेलेच असतात.

म्हणून कॅमेरा आला तेव्हा ऑर्किडच्या अभ्यासात त्याने जेवढा फरक पाडला तेवढा क्वचितच दुसऱ्या फुलांच्या बाबतीत पाडला असेल. सुरुवातीची रंगीत स्लाइड-फिल्म फार मंद होती. जंगलातल्या सावलीत सेकंदभर शटर उघडं ठेवावं लागे आणि वाऱ्याची एक झुळूक आली की फोटो गेला. रोलमध्ये छत्तीस फोटो, तोही धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळत नसे. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या हौशी लोकांनी स्लाइडवर सह्याद्रीतली फुलं टिपली. त्यांतूनच छायाचित्रांवरून फुलं ओळखायला शिकवणारी पुस्तकं झाली. पेशाने इंजिनिअर असलेले श्रीकांत इंगळहळीकर यांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे त्यांतलं सर्वाधिक हाताळलं गेलेलं. लॅटिन न येणाऱ्या ट्रेकरलाही त्यामुळे आपण काय पाहिलं ते शोधता येऊ लागलं. मग डिजिटल कॅमेरा आला, मॅक्रो लेन्स आवाक्यात आली, आणि आता फोनवरही बऱ्यापैकी काम होतं.

नोंद म्हणून उपयोगी पडेल असा फोटो आणि नुसता देखणा फोटो यांत मात्र अजूनही अंतर आहे. हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाचंच घ्या. समोरून फोटो काढला तर शुभ्र पाकळ्या आणि तीन भागांचा ओठ छान येतो. पण फुलाच्या मागे चार-पाच इंच लांबीची एक पोकळ, किंचित वळलेली नळी लोंबत असते, तिला स्पर म्हणतात. मध तिच्या टोकाशी असतो आणि तिथवर लांब सोंडेचा पतंगच पोचतो. ही नळी गवताच्या पात्यांत हरवते, आणि चौकट नेटकी करण्याच्या नादात फोटोग्राफर तीच कापून टाकतो. तिच्या लांबीवर, तिच्या टोकाच्या जाडीवर आणि ती बीजांडकोशाच्या मानाने किती मोठी आहे यावरच तर ओळख अवलंबून असते. म्हणून एक फोटो समोरून, एक अगदी बाजूने, एक बुंध्याजवळच्या पानांचा आणि एक आजूबाजूच्या जागेसह पूर्ण रोपाचा, एवढे तरी हवेतच. झाडावरचं ऑर्किड असेल तर त्या झाडाच्या खोडाचा आणि पानांचाही घ्यावा.

डिजिटल कॅमेऱ्यामुळे रोप उपटायची गरज कमी झाली, पण पायदळी तुडवण्याचं नवं संकट आलं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर जागांसह जागतिक वारसा यादीत गेलं आणि फुलांच्या हंगामात तिथे लोटणारी गर्दी सगळ्यांना माहीत आहे. पठारावर कातळावरची माती कित्येक ठिकाणी जेमतेम दोन-चार बोटं जाड असते. हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं पान जमिनीला चिकटून पसरतं. पोटावर झोपून एका फुलाचा फोटो घेणाऱ्याच्या कोपराखाली अजून न फुललेली तीन-चार पानं सहज चिरडतात. वर्षातले बरेच महिने हे रोप जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेलं असतं. वर येऊन साठवण करायला त्याला मिळतो तो थोडाच काळ, त्यातच पान गेलं तर पुढच्या वर्षी फूल धरणार कुठून? मागची पार्श्वभूमी स्वच्छ यावी म्हणून शेजारचं गवत उपटणारे आणि ‘आपल्या’ फोटोनंतर फूल खुडून नेणारेही आहेत.

आणि ठिकाण कळलं की रोपं नाहीशी होतात, हे काही जुन्या काळापुरतं नाही. केरळ-तमिळनाडू सीमेवरच्या अगस्त्यमलाई डोंगरातलं पॅफिओपेडिलम ड्रुरिआय हे दक्षिण भारतातलं एकमेव लेडीज स्लिपर (सपातेसारख्या ओठाचं) ऑर्किड संपलं असं धरलं गेलं होतं. १९७० च्या दशकात ते पुन्हा सापडलं आणि सापडल्याबरोबर गोळा करणाऱ्यांनी त्याचा फडशा पाडला. ब्रिटनमध्ये याच्याच भाऊबंदांपैकी एक १९१७ मध्ये नामशेष मानलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये त्याचं एक रोप मिळालं तेव्हा जाणत्यांनी तोंड बंद ठेवलं, कितीतरी वर्षं फुलांच्या दिवसांत तिथे पहारा ठेवला, आणि ते रोप वाचलं. मला हे उदाहरण सगळ्यात पटतं.

कायद्याची मदत आहे, पण तोकडी. सगळं ऑर्किड कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे परदेशी व्यापारावर बंधन येतं. वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींची अनुसूची आली. तिच्यात निळा वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर ही ऑर्किडं होती, पण सहा नोंदींच्या त्या यादीत महाराष्ट्रात उगवणारं एकही नव्हतं. राज्यात ऑर्किडच्या शंभराहून अधिक जाती आहेत. अभयारण्याबाहेरच्या खासगी सड्यावर, रस्त्याकडेच्या जांभळीवर किंवा देवराईत उगवणाऱ्या जातींचं रक्षण मुख्यतः लोकांच्या समजुतीवर उभं आहे.

नोंद दडपून ठेवावी असं मी म्हणत नाही. नोंदच नसेल तर खाण किंवा रिसॉर्ट येताना त्या जागेवर काही होतं हे कुणाला दाखवणार? नेमकी जागा पुण्यातल्या वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागात किंवा झेवियर्समधल्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना जरूर कळवावी. लोकांसमोर ठेवताना तारीख, तालुका, अंदाजे उंची आणि जमिनीवर की कोणत्या झाडावर, एवढं पुरतं. निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर होतं. जी जात त्या यादीत नाही तिचं आपणच तसं करायचं असतं, नोंद भरताना तो पर्याय मिळतो. फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर ती रानात शिरण्याआधी काढावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर आतली माहिती गळून जाते, पण दर्जा टिकावा म्हणून तोच डॉक्युमेंट करून पाठवला तर अक्षांश-रेखांशही सोबत जातात.