पक्षाघातानंतरचा तिसरा महिना

पक्षाघात झालेल्या माणसाचा अधू हात व्यायामाच्या एका बैठकीत किती वेळा काम करतो? अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा व्यायाम चालू असताना शेजारी बसून हे चक्क मोजलं. २००९ साली छापून आलेला त्यांचा सरासरी आकडा होता ३२. बत्तीस वेळा काहीतरी उचललं, धरलं, ठेवलं, की बैठक संपली. मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत पंजाकडून हेच काम दिवसाला ४०० ते ६०० वेळा करून घेतात, तेव्हा कुठे मेंदूत बदल दिसायला लागतात.

हा फरक सोलापूरकरांना फोड करून सांगावा लागू नये. इथे विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजारावर ठरते. पान कातरीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. गप्पा चालू असतात, टीव्ही चालू असतो, बोटं आपली चालतच असतात. हे कसब बोटांत आहे असं आपण म्हणतो खरं, पण ते मुरलेलं असतं मेंदूच्या वरच्या थरातल्या एका पट्ट्यात, जिथून हाताची हालचाल चालते. आणि ते तिथे मुरतं हजारो वेळा तेच काम केल्यामुळे.

मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की पेशी मरायला लागतात. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार मिळाले नाहीत, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा हिशेब आहे. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. शेजारच्या वाचलेल्या पेशी मात्र त्यांचं काम काही प्रमाणात उचलू शकतात. १९९६ साली रँडॉल्फ नुडो यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगात हे फार स्पष्ट दिसलं. हाताचं काम पाहणाऱ्या भागाला छोटी इजा केलेल्या माकडांना लहान लहान खळग्यांतून खाऊ बोटांनी काढायला लावलं. सराव केलेल्या माकडांच्या मेंदूत हाताची जागा टिकली, काहींमध्ये तर ती कोपर आणि खांद्याच्या जागेत सरकली. ज्यांच्याकडून सराव करून घेतला नव्हता, त्यांच्या मेंदूत हाताची उरलेली जागाही आक्रसत गेली होती.

मग नुसती संख्या वाढवली की झालं? तसंही नाही. त्याच लँग यांनी पुढे ८५ रुग्णांवर हे तपासलं. वेगवेगळ्या गटांना ३२०० पासून ९६०० पर्यंत आवर्तनं करायला लावली. २०१६ साली निकाल आला, की जास्त आवर्तनांनी जास्त फायदा झाला असं दिसत नाही. पण या सगळ्या रुग्णांना पक्षाघात होऊन किमान सहा महिने उलटलेले होते. इथे खरी मेख आहे. २०२१ साली वॉशिंग्टनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. ७२ रुग्णांपैकी काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांनी, तर काहींना सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांखेरीज २० तास जादा सराव दिला. वर्षअखेरीस सगळ्यात जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांनी सराव केलेल्या गटाला झालेला होता. पहिल्या महिन्यातल्या गटाला त्याहून थोडा कमी, आणि सहा महिन्यांनंतरच्या गटाला म्हणण्यासारखा झालाच नाही. चाचणी लहान आहे, हे खरं. तरी इजा झाल्यावर काही काळ मेंदू शिकायला जास्त तयार असतो, हे प्राण्यांमध्ये आधीच दिसलेलं होतं.

आता आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात काय चालू असतं ते पाहा. दवाखान्यातून सुटी होऊन बरेच दिवस झालेले असतात. पूर्व भागातल्या एखाद्या घरात अण्णा पुढच्या खोलीत कॉटवर असतात. भेटायला येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जातो. कुणी तेल सांगतो, कुणी कुठल्याशा गावचं औषध, आणि कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला अजूनही मिळतो. (कातडीवर चोळलेलं रक्त मेंदूपर्यंत पोचत नाही. कबूतर मात्र जातं.) घास उचलायला अण्णांनी अधू हात जरा पुढे केला, की सून म्हणते, "राहू द्या अण्णा, मी भरवते की." तिच्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण हात हलवून बघितला, जमला नाही, दुसऱ्याने काम केलं, असं रोज घडत गेलं की मेंदू त्या हाताचा नादच सोडतो. हात थोडाफार हलू शकत असला तरी माणूस तो वापरत नाही. एडवर्ड टॉब यांनी यावर उलटा उपाय काढला. चांगल्या हातालाच मोजा घालून बांधून ठेवायचा आणि अधू हाताला कामाला लावायचं. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत दोन आठवड्यांच्या अशा सक्तीचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलली जातात, त्यांच्यासाठीच हे आहे. तेही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. घरी एकट्याने हात बांधून चालायला लागलात तर पडाल.

घरी करण्यासारखं यापेक्षा साधं पुष्कळ आहे. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. टेबलावर टॉवेल पसरायचा, त्यावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि पुढे ढकलायचा, मागे ओढायचा. हात हवेत उचलायची ताकद नसली तरी घसरवता येतो, कोपर सरळ होतं, खांदा पुढे जातो. मग तोच टॉवेल घडी करायचा, उलगडायचा, पुन्हा घडी. शेंगा सोलणं, तूर निवडणं, कपड्यांचे चिमटे लावणं ही बोटांसाठी उत्तम कामं आहेत. आणि ज्या बाईने जन्मभर भाकरी थापल्या, तिच्यासाठी भाकरीइतका चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही. परातीत पीठ मळताना दोन्ही हात लागतात, तळव्याच्या टाचेने जोर द्यावा लागतो, आणि थापताना मनगट मागे वळवून बोटं पसरावी लागतात. पक्षाघातानंतर पंजा नेमका याच्या उलट, आत मुडपायला बघतो. सुरुवातीला अधू हात खाली आणि चांगला हात वर ठेवून थापायचं. भाकरी वाकडीतिकडी झाली तर होऊ द्यावी, पण तव्यापाशी दुसऱ्या कुणीतरी बसावं. अशा हाताला चटका बसलेला कळतोच असं नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये: अधू हाताला धरून माणसाला उठवणं. खांद्याची खोबण उथळ असते आणि तो सांधा मुख्यतः स्नायूंच्या जोरावर जागेवर राहतो. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानेच सांधा खाली उतरतो. त्यात कुणी बखोटीला धरून ओढलं, तर खांद्याचं जे दुखणं सुरू होतं ते महिनोन् महिने जात नाही, आणि दुखणारा हात कुणी कामाला लावत नाही. उठवताना कमरेला किंवा पाठीला आधार द्यावा. बसलेलं असताना हात लोंबकळत न ठेवता उशीवर ठेवावा. काठी चांगल्या हातात द्यावी.

म्हणजे घरच्यांनी शिकून घेतलं की भागलं, असा याचा अर्थ काढू नका. भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर याची चाचणी झाली होती. नातेवाइकांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करून घेतला, तर मृत्यू आणि परावलंबन कमी होतं का? २०१७ साली उत्तर आलं, की नाही. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. या निकालाने बरेच जण खट्टू झाले. मला त्यातून एवढंच दिसतं, की घरच्यांची मदत ही जोड आहे, फिजिओथेरपिस्टची जागा ती घेत नाही. निदान पहिले तीन-चार महिने आठवड्यातून काही वेळा तरी जाणकार हात लागले पाहिजेत. पहिल्या २४ तासांतली घाईही अंगाशी येते. रुग्णाला लगेच उठवून वारंवार उभं करण्याची पद्धत २१०४ रुग्णांवर तपासली, तेव्हा तिचे परिणाम नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट निघाले. त्यामुळे कधी उठवायचं हे डॉक्टरांनी ठरवावं.

आता ताणाविषयी. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य गाठतं. घरचे त्याला 'चिडका झालाय', 'मुद्दाम करत नाही' म्हणतात. त्यात मेंदूच्या इजेचा भाग असतो, तसाच हातातलं काम गेल्याचाही. तीस वर्षं यंत्रमागावर उभ्या राहिलेल्या माणसाला दिवसभर कॉटवर पडून राहणं सोसत नाही, आणि खचलेला माणूस ४०० काय, चार वेळाही टॉवेल ढकलत नाही. यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांना मागायला लाजू नये.

औषधांच्या जोडीला श्वास. आपण मिनिटाला बारा ते अठरा वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला, की मानेतल्या रोहिणीत रक्तदाब मोजणारी जी चेतातंतूंची टोकं असतात, त्यांची संवेदनशीलता वाढते. दाब चढला की हृदयाला आवर घालायचं काम ती जास्त चोख करतात. २००१ साली लुचियानो बर्नार्दी यांनी २३ जणांना लॅटिन जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम' म्हणायला लावलं. दोन्हींमध्ये श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, श्वास रोखून न धरता, पाच-दहा मिनिटं. जप करत असाल तर सावकाश करा, नसाल तर नुसतं मोजा. मात्र यामुळे रक्तदाबाची गोळी सुटत नाही.

गाण्यांचाही उपयोग होतो. फिनलंडमध्ये ६० रुग्णांवर झालेला अभ्यास २००८ साली छापून आला. दोन महिने रोज निदान तासभर आपल्या आवडीची गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली, मनही कमी खचलं. आवडीची, हे महत्त्वाचं. नातवाच्या आवडीची लावून काही होणार नाही.

झोपेबद्दल थोडक्यात: दिवसा शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. पक्षाघाताच्या निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आढळतो. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावं.

बोलण्याच्या बाबतीत सोलापूरला एक गोष्ट अनुकूल आहे. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारी कन्नड किंवा दखनी, असं इथे सर्रास चालतं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ६०८ पक्षाघातग्रस्तांची माहिती सुवर्णा अल्लादी यांनी तपासली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची बुद्धी, स्मरण आणि विचारशक्ती शाबूत होती, एकभाषकांमध्ये हे प्रमाण १९.६ टक्के होतं. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हींकडे सारखंच होतं. वाचा गेलेल्या माणसाला काहीच कळत नाही असं समजून त्याच्यासमोर खर्चाची चर्चा करणारे लोक मी पाहिले आहेत. पुष्कळदा त्याला सगळं कळत असतं, फक्त शब्द सापडत नाहीत. त्याच्याशी त्याच्या सगळ्या भाषांत बोलावं, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी, आणि वाक्य आपण पुरं करू नये.

सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा होम मैदानावर चालायला नेता आलं तर फार छान; एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत घरी परत. सोबत असणाऱ्याशी बोलता येईल इतपतच वेग ठेवावा.

या सगळ्याहून मोठी सवय मात्र दिसायला अगदीच नीरस आहे. रक्तदाबाची गोळी रोज ठरलेल्या वेळी. दुसरा झटका येऊ द्यायचा नसेल तर याच्याइतकं मोलाचं काहीच नाही. ३२ देशांत झालेल्या एका अभ्यासात पक्षाघाताच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के भाग दहा कारणांत सापडला. मानसिक ताण त्यात होताच, पण सगळ्यात वरचं कारण उच्च रक्तदाब होतं. 'बरं वाटतंय, आता कशाला गोळी' हे वाक्य फार महागात पडतं. बरं वाटतंय ते गोळीमुळेच. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून, चांगल्या हाताचा दाब मोजावा आणि वहीत लिहावा.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलं सगळं धरायचं. कडक भाकरीवर शेंगाचटणी, बाजूला लोणचं आणि पापड असं ताट असलं तर हा चमचा दुपारीच संपतो. चटणी सोडा असं मी सोलापूरकरांना सांगणार नाही, पण घरी कमी मिठाची कुटता येते. चीनमधल्या ६०० गावांत नेहमीच्या मिठाऐवजी थोडं पोटॅशियम असलेलं मीठ वापरल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, असं २०२१ साली दिसलं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर हे मीठ धोक्याचं ठरतं, म्हणून आधी विचारून घ्यावं. विडी, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद.

आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलला जाईना, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करावा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आधी मेंदूचा सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, त्यातही वेळ जातो. तोपर्यंत तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नये. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, आणि पाणी थेट फुप्फुसात जातं.