पोर्टेबल व्हिडिओ प्लेअर घ्यावा का? या प्रश्नामागची चाळीस वर्षं

पोर्टेबल व्हिडिओ प्लेअर घ्यावा का, असं आजही कुणी ना कुणी विचारतं. उत्तर ठरलेलं असतं: हातात फोन असताना वेगळं यंत्र कशाला? उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. फोनवर सिनेमा दिसू लागायच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न विचारला जातोय, आणि तेव्हाही ‘बेधडक विकत घ्या’ म्हणणारे फारसे नव्हते. गाणी ऐकवणारी खिशातली यंत्रं हातोहात खपली. चित्र दाखवणारी त्यांची भावंडं कायम मागे राहिली. पडदा लहान, बॅटरी दुबळी, किंमत जास्त, ही कारणं नेहमी दिली जातात आणि ती खरीही आहेत. माझ्या मते मात्र मुख्य अडचण दुसरीच होती. यंत्रात घालायचा सिनेमा आणायचा कुठून?

सुरुवातीला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं, कारण कार्यक्रम हवेतून येत होते. सोनीने १९८२ मध्ये ‘वॉचमन’ हा हातात मावणारा टीव्ही बाजारात आणला. दोन इंची कृष्णधवल पडदा होता. पिक्चर ट्यूब चपटी बसावी म्हणून तिची इलेक्ट्रॉन गन (चित्र उमटवणारा किरण सोडणारा भाग) मागे न ठेवता पडद्याखाली बसवली होती. कारागिरी म्हणून आजही तोंडात बोट घालावं अशी. पण अँटेना इकडची तिकडे झाली की चित्र गेलं, आणि त्या वेळी जे प्रसारित होत असेल तेच बघायचं. पुढे १९८८ मध्ये सोनीनेच ‘व्हिडिओ वॉकमन’ काढला. त्यात तीन इंची रंगीत एलसीडी आणि आठ मिलिमीटरची कॅसेट होती. आपल्याला हवं ते सोबत नेता येऊ लागलं, पण ती कॅसेट मुख्यतः कॅमकॉर्डरवाल्यांची. ज्यांचे सिनेमे व्हीएचएसवर होते त्यांना त्याचा काय उपयोग?

पॅनासॉनिकचा डीव्हीडी-एल१० हा १९९८ चा प्लेअर यातून सुटला. ५.८ इंचांचा रुंद पडदा, आणि घरच्या कपाटातली डीव्हीडी जशीच्या तशी त्यात घालायची. या सगळ्या कहाणीत सर्वात कमी कटकटीचं यंत्र हेच, असं मी म्हणेन. रूपांतर नाही, संगणक नाही, झाकण उघडा आणि चकती टाका. म्हणूनच वहीसारखे उघडणारे डीव्हीडी प्लेअर पुढे गाडीच्या मागच्या सीटवरच्या मुलांपासून रुग्णालयातल्या खाटेपर्यंत सगळीकडे दिसले, आणि आजही पुरते गेलेले नाहीत. तोटा एकच: खिशात मावत नाहीत, चकत्यांची पिशवी वेगळी सांभाळावी लागते.

खिशात मावणाऱ्या प्लेअरची वाट हार्ड डिस्कने मोकळी केली. १.८ इंची छोट्या हार्ड डिस्का आल्या आणि त्यांच्या जोरावर आयपॉडसारखी यंत्रं निघाली. गाणी मावतात तर सिनेमा का नाही, हा विचार साहजिक होता. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीने २००२ मध्ये ‘ज्यूकबॉक्स मल्टिमीडिया’ आणला. डिस्क २० जीबीची, पडदा जेमतेम दीड इंचाचा. पुढच्याच वर्षी तिच्या एव्ही३०० मालिकेत तो ३.८ इंच झाला आणि टीव्हीवरून थेट रेकॉर्ड करायची सोयही आली. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्ट उतरली. ‘पोर्टेबल मीडिया सेंटर’ ही प्रणाली तिची, यंत्रं क्रिएटिव्ह, सॅमसंग, आयरिव्हर यांची. क्रिएटिव्हच्या झेनची किंमत ४९९ डॉलर होती. एवढी मोठी नावं एकत्र येऊनही ही यंत्रं काही वर्षांतच विस्मरणात गेली.

का गेली, याचं उत्तर सीडी आणि डीव्हीडी यांच्यातल्या एका फरकात आहे. ऑडिओ सीडीला नक्कल रोखणारं कुलूप नव्हतं. संगणकात सीडी टाकली, एक बटण दाबलं, की काही मिनिटांत गाणी एमपी३ होऊन प्लेअरमध्ये जात. एमपी३ प्लेअर विकत घेणाऱ्याकडे त्यात भरायचा माल आधीच घरी पडून होता. डीव्हीडीला मात्र सीएसएस नावाचं कुलूप पहिल्या दिवसापासून होतं. ते उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम १९९९ मध्ये पसरला. त्यात हात असलेल्या नॉर्वेच्या जॉन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलावर पुढे खटला चालला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. पण अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप तोडणारी साधनं विकण्यावरच बंदी घातली होती. परिणामी कुठल्याही प्रतिष्ठित कंपनीला ‘तुमच्या डीव्हीडी या यंत्रात अशा भरा’ असं खोक्यावर छापता येईना. मग गिऱ्हाइकाने भरायचं काय? टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं, घरचं चित्रण, नाहीतर चोरून उतरवलेलं. यांतलं तिसरं जाहिरातीत येत नव्हतं, इतकंच.

आणि ज्यांनी कुलूप तोडायचं ठरवलं त्यांचीही संध्याकाळ त्यातच जायची. डीव्हीडीतला सिनेमा व्हिडिओ-टीएस या फोल्डरमध्ये एकेक जीबीच्या तुकड्यांत असतो. आधी ते तुकडे संगणकावर उतरवायचे. मग ७२० बाय ४८० चं चित्र प्लेअरला झेपेल अशा ३२० बाय २४० वर आणायचं, सबटायटल्स चित्रातच भाजून घ्यायची, कारण प्लेअरला ती वेगळी वाचता येत नसत. बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) फार ठेवला तर चित्र अडखळे, फार उतरवला तर अंधारातली दृश्यं चौकोनाचौकोनांनी भरून जात. तेव्हाच्या संगणकाला दोन तासांच्या सिनेमासाठी कित्येक तास लागत. फ्रेमचा वेग सेकंदाला २३.९७६ चा २९.९७ करताना जरा इकडेतिकडे झालं की पहिल्या दहा मिनिटांत सगळं ठीक वाटे, आणि शेवटाला येईतो ओठ आधी हलत, शब्द मागून येत. हे शेवटी कळायचं, हीच तर गंमत. गाण्यासाठी माणूस एवढा खटाटोप करेलही, ते शंभरदा ऐकायचं असतं. सिनेमा बहुतेक वेळा एकदाच पाहतो.

घरच्या चकत्या भरता येत नसतील तर नव्या विका, हा सोनीचा तोडगा होता. २००४ च्या अखेरीला जपानमध्ये आलेल्या पीएसपी या हातात धरायच्या गेम-यंत्राचा ४.३ इंची पडदा त्या काळी देखणा होता. तिच्यासाठी सोनीने यूएमडी नावाची १.८ जीबीची चिमुकली चकती काढली आणि सिनेमे त्यावर विकायला सुरुवात केली. किंमत डीव्हीडीच्या आसपास, पण चालणार फक्त पीएसपीवर. पहिल्या पीएसपीला टीव्हीशी जोडायची सोयही नव्हती. ज्याच्याकडे तो सिनेमा डीव्हीडीवर आहे त्याने तोच पुन्हा का विकत घ्यावा? वर्षा-दीड वर्षात स्टुडिओंनी हात आखडता घेतला. सोनीच्या मेमरी कार्डापासून यूएमडीपर्यंत पाहिलं की या कंपनीला आपलंच वेगळं माध्यम काढायची खोड होती असं म्हणावंसं वाटतं.

ॲपलने मात्र मर्म ओळखलं. स्टीव्ह जॉब्स त्याआधी छोट्या पडद्यावरच्या व्हिडिओबद्दल जाहीरपणे नाक मुरडत असत. १२ ऑक्टोबर २००५ ला त्यांनीच व्हिडिओ दाखवणारा आयपॉड सादर केला. पडदा अडीच इंचांचा, म्हणजे आर्कोसच्या एव्ही३०० पेक्षा लहान. रेकॉर्डिंग नाही, फायलींचे प्रकारही मोजकेच चालणार. पण त्याच दिवशी आयट्यून्स या ॲपलच्या ऑनलाइन दुकानात टीव्ही मालिकांचे भाग प्रत्येकी १.९९ डॉलरला विकायला ठेवले गेले, आणि २० दिवसांच्या आत दहा लाख व्हिडिओ खपले. कागदावर कमी असलेल्या यंत्राने बाजी मारली, कारण त्यात भरायचा माल एका क्लिकवर होता.

बॅटरीचं दुखणं मात्र त्यालाही सुटलं नाही. ३० जीबीच्या त्या आयपॉडवर गाणी १४ तास चालत, व्हिडिओ फक्त दोन तास. चित्रपट जरा लांबला की शेवट दुसऱ्या दिवशी. हा फरक केवळ पडद्याच्या उजेडाचा नव्हता. हार्ड डिस्क सतत फिरत राहिली तर बॅटरी खाते, म्हणून प्लेअर पुढचा माल एकदम मेमरीत ओढून घेतो आणि डिस्क थांबवतो. १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं गाणं (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला १६ केबी खातं, तेव्हा ३२ एमबीच्या मेमरीत अर्ध्या तासाचा ऐवज बसतो आणि डिस्क तेवढा वेळ झोपून राहते. व्हिडिओ आणि आवाज मिळून ९०० केबीपीएसच्या आसपास धरले तर तीच मेमरी पाच मिनिटांच्या आत रिकामी होते. डिस्क पुन्हा फिरवा, पुन्हा थांबवा. त्यात दिवा चालू, प्रोसेसर राबतोय. पुढे फ्लॅश मेमरी स्वस्त झाली तेव्हा कुठे हे दुखणं कमी झालं.

भाड्याने देणाऱ्यांनी यातून एक वेगळीच वाट काढली होती, आणि ती मला विकणाऱ्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. अलास्का एअरलाइन्सने २००३ मध्ये प्रवाशांना डिज-ई-प्लेअर भाड्याने द्यायला सुरुवात केली. कल्पना त्याच कंपनीत सामान चढवणाऱ्या एका कर्मचाऱ्याची. सिनेमे आधीच भरलेले, बॅटरी चार्ज केलेली, स्टुडिओंची परवानगी आधीच घेतलेली. प्रवाशाने फक्त बघायचं आणि उतरताना परत करायचं.

दुसऱ्या टोकाला ‘एमपी४ प्लेअर’ नावाने विकली जाणारी स्वस्त यंत्रं होती. नावावर जाऊ नये. त्यांतली बरीच एमपी४ फाइल उघडतच नसत. एएमव्ही नावाच्या त्यांच्या स्वतःच्या प्रकारात फाइल बदलून घ्यावी लागे, चित्र टपाल तिकिटाएवढं आणि सेकंदाला दहा-बारा किंवा सोळा फ्रेम. पोर्टेबल व्हिडिओ म्हणजे वैताग, हे मत अनेकांचं या यंत्रांनीच बनवलं, आणि त्यात अन्याय फारसा नव्हता.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २००७ मध्ये आयफोन आणि आयपॉड टच, २०१० मध्ये आयपॅड. पण फोनने प्लेअरला एका दिवसात मारलं नाही. बरीच वर्षं इंटरनेट नसलेल्या प्रवासात फोनवर पाहायला फारसं काही नसायचं. ॲमेझॉनने २०१५ मध्ये आणि नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०१६ मध्ये डाउनलोडची सोय दिली तेव्हा ती शेवटची फट बुजली. मधल्या काळात क्वालकॉमने फ्लो टीव्ही नावाने खिशातल्या टीव्हीचा जुना खेळ पुन्हा मांडून पाहिला, वेगळं यंत्रही विकलं. मार्च २०११ मध्ये प्रसारण बंद झालं आणि घेतलेलं यंत्र निरुपयोगी ठरलं. वॉचमनच्या मालकांनाही हे चुकलं नाही. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण जून २००९ मध्ये थांबलं तेव्हा चांगले चालणारे सेट मुके झाले. ॲपलने मे २०२२ मध्ये आयपॉड टच बंद केला.

मग आज घ्यावा का? तुमचे सिनेमे ॲपमध्ये असतील तर नाही. ॲपने उतरवलेली फाइल कुलूपबंद असते, ती उचलून दुसऱ्या प्लेअरमध्ये टाकता येत नाही. सीएसएसचीच ही पुढची पिढी, जास्त पक्की. अँड्रॉइडवर चालणाऱ्या स्वस्त प्लेअरवर ॲप बसलं तरी वाइडव्हाइन या कुलपाची एल१ ही सर्वात पक्की पातळी नसेल तर नेटफ्लिक्स साध्या दर्जाचंच चित्र देतं, पडदा कितीही चांगला असो. डीव्हीडींचा साठा असेल, लहान मूल असेल, किंवा टचस्क्रीनशी न जमणारं वयस्कर माणूस असेल, तर झाकणाचा डीव्हीडी प्लेअर आजही सरळ काम करतो. बटणं खरी असतात आणि मध्येच नोटिफिकेशन येत नाही. स्वतःच्या फायली असतील तर कार्डवरून चालणारा प्लेअर चालेल, पण घेण्याआधी खोक्यावरचं ‘एव्हीआय, एमकेव्ही चालते’ एवढं वाचून थांबू नका. ती फक्त पिशवीची नावं आहेत. आत व्हिडिओ एच.२६४ आहे की एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायच्या या दोन पद्धती), आवाज कोणत्या प्रकारचा आहे आणि प्लेअरला तो येतो का, ते बघा. कार्ड फॅट३२ या जुन्या फाइल-मांडणीचं असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर चढणारच नाही. शक्य असेल तर आपल्याच दोन-तीन फायली कार्डवर घालून दुकानात न्या आणि पैसे देण्याआधी तिथेच, सिनेमाच्या शेवटापर्यंत पुढे ढकलून, ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहा.