चाकांचे प्रमाणशुद्धीकरण (वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती)

वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या लघुप्रतिकृतीची कारखान्यातून आलेली चाके उतरवून त्या जागी मूळ इंजिनाच्या मापांशी अधिक जुळणारी चाके बसवण्याच्या कामाला येथे प्रमाणशुद्धीकरण म्हटले आहे. यात चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या व आकार, धावेची रुंदी, फ्लँजची (चाक रुळावरून घसरू न देणाऱ्या आतल्या कडेची) उंची आणि दोन चाकांमधील अंतर एवढ्या गोष्टी येतात. वरवर पाहता हा एका सुट्या भागाचा बदल वाटतो. पण चाक, रूळ, गेज (दोन रुळांमधील अंतर) आणि वळण ही एकमेकांत अडकलेली मापे असल्यामुळे एकाला हात लावला की बाकीच्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती थंड होताना लाकडाला घट्ट आवळते. वाफेच्या इंजिनाच्या चाकावर पोलादी धाव चढवण्याचे तत्त्वही तेच आहे. भारतीय ब्रॉडगेजवर या धावेची रुंदी १२७ मिमी आणि फ्लँजची उंची सुमारे २८ ते २९ मिमी असते. १:८७ या प्रमाणात ही मापे अनुक्रमे १.४६ मिमी आणि ०.३३ मिमी भरतात. प्रत्यक्षात अमेरिकी मानकातील प्रचलित ‘आरपी २५’ घडणीचे, कोड ११० या रुंदीचे (कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली रुंदी) चाक २.७९ मिमी रुंद असते व त्याची फ्लँज ०.६४ मिमी उंच असते. म्हणजे दोन्ही मापे जवळजवळ दुप्पट. त्याच घडणीचे कोड ८८ चाक २.२४ मिमी रुंद असते. जुन्या खेळण्यांच्या धाटणीच्या चाकांची फ्लँज एक मिलिमीटरच्याही वर जाते. वेड्यावाकड्या जोडलेल्या रुळांवरून, लहान मुलाच्या हातून सोडलेली गाडी घसरू नये म्हणून ही उंची ठेवलेली असते, हे निर्मात्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

उंच फ्लँजचा खरा तोटा वेगळाच आहे. जोडचाके (दांड्याने जोडून एकत्र फिरणारी मुख्य चाके) एकमेकांना खेटून असलेल्या इंजिनात मोठ्या फ्लँज एकमेकींना घासू नयेत म्हणून चाकाचा व्यासच कमी ठेवला जातो आणि इंजिन बुटके दिसू लागते. भारतीय ब्रॉडगेजवर डाकगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाची मुख्य चाके १,७०२ मिमी व्यासाची होती, तर मालगाड्यांच्या डब्ल्यूजी वर्गाची १,५६२ मिमीची. १:८७ मध्ये ती १९.५ आणि १८ मिमीच्या आसपास येतात. मधला फरक दीड मिलिमीटरचा. पण डाकगाडीचे इंजिन उंच टाचांवर धावते आणि मालगाडीचे जमिनीला धरून ओढते, ही जाण याच फरकात आहे.

नाशिककरांना या दोन वर्गांचे आकर्षण वाटण्यास कारण आहे. मुंबईकडून थळ घाटातील १:३७ चढ विजेच्या इंजिनावर चढून आलेली गाडी विसाव्या शतकाच्या मध्यावर इगतपुरीला वाफेचे इंजिन घेऊन नाशिक रोड आणि मनमाडकडे निघत असे. मात्र ब्रॉडगेजची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्याची पहिली गाठ पडते ती गेजशी. बाजारात मिळणारा १६.५ मिमी गेजचा रूळ १:८७ या प्रमाणात १,४३५ मिमीच्या, म्हणजे युरोप-अमेरिकेतील मानक गेजच्या बरोबरीचा असतो. आपले गेज १,६७६ मिमी, त्याला १९.२५ मिमी रूळ हवा. इंजिनाचे अंग १:८७ चे आणि पाय त्याहून अरुंद, अशी स्थिती होते आणि प्रत्येक चाक सुमारे १.४ मिमी आत उभे राहते. बाजूने पाहताना हे खपून जाते. समोरून मात्र पैलवानाने पोराच्या चपला घातल्यासारखे दिसते.

ही अडचण ब्रिटिश छंदकारांनाही होती. ४ मिमीला एक फूट, म्हणजे १:७६.२ या त्यांच्या प्रमाणात १६.५ मिमी रूळ अरुंद पडतो. त्यावर त्यांनी आधी १८ व पुढे १८.२ मिमीचे ‘ईएम’ गेज काढले, ज्याची संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. नंतरच्या दशकात १८.८३ मिमीची, जवळजवळ तंतोतंत अशी ‘प्रोटोफोर’ मानके आली. भारतीय ब्रॉडगेज या प्रमाणात बरोबर २२ मिमी होते. तंतोतंत मानकांची किंमत मोठी असते. फ्लँज बारीक झाली की चाकाने क्षणभरही रूळ सोडून चालत नाही, म्हणून आसांना स्प्रिंगा किंवा वरखाली झुलणारी तुळई द्यावी लागते. अरुंद धाव क्रॉसिंगच्या फटीत डुचकते, म्हणून क्रॉसिंग आणि चेक रेल (तेथे चाकाला योग्य वाटेवर ठेवणारा आतला रूळ) स्वतः घडवावे लागतात. आणि वळणे एवढी मोठी ठेवावी लागतात की दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पूर्ण वर्तुळ बसणे कठीण होते. नाशिकच्या बहुतेक छंदकारांनी रूळ १६.५ मिमीचाच ठेवून व्यास, आरे आणि फ्लँज एवढ्याच गोष्टी सुधाराव्यात, हे या नोंदीच्या लेखकाला व्यवहार्य वाटते.

आऱ्यांकडे डोळा सर्वांत आधी जातो. मूळ इंजिनाचे छायाचित्र समोर ठेवून दोन गोष्टी तपासाव्या लागतात : आरे किती आहेत, आणि क्रँक पिन (चाके जोडणारा दांडा, म्हणजे साइड रॉड, ज्या खुंटीवर बसतो ती) एखाद्या आऱ्याच्या रेषेत येते की दोन आऱ्यांच्या मध्ये. संख्या बरोबर आणि पिन चुकलेली, अशी चाके सर्रास मिळतात. बॅलन्स वेट (चाकाचा तोल राखणारे वजन) प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापून मागाहून चिकटवता येते. खरे चाक मापायचे असल्यास दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासारख्या ठिकाणी जपलेली वाफेची इंजिने पाहता येतात.

तयार चाके परदेशातून मागवता येतात. काही बनावटींत आसाची टोके चौकोनी असतात व नट आवळला की कोन आपोआप जुळतो. इतरांत चाक आसावर दाबून बसवायचे असते. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये धावा कातून घेणे हा दुसरा मार्ग आहे. मोटारींचे सुटे भाग कातणाऱ्या लेथला दोन शतांश मिलिमीटरचा टॉलरन्स नवा नसतो. अडचण असते ती सहा नगांसाठी सेटिंग लावायला कोणी राजी होण्याची. ड्रॉइंगवर धावेचा तीन अंशांचा उतार स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर सपाट धाव हाती येते. खऱ्या चाकावर हा उतार विसास एक असतो आणि आसाला रुळांच्या मध्यावर राखण्याचे काम तोच करतो.

बसवण्यातील सर्वांत नाजूक पायरी क्रँक पिनांच्या कोनाची आहे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूच्या पिना एकमेकींशी ९० अंशांत असतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडला तरी दुसरी बाजू चाक फिरवत राहते. प्रतिकृतीत इंजिन मोटारीवर चालते. तरीही साइड रॉडने जोडलेल्या सर्व आसांवर हा कोन सारखा असावाच लागतो. तो ८९ अंश असला तरी बिघडत नाही, पण मग सर्व आसांवर ८९च हवा. जुने चाक स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, पुलरनेच (चाक सरळ ओढून काढणाऱ्या साधनाने) काढावे. आस वाकला तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. नवे चाक व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर) आस ठेवून, एका बाजूची पिन उभ्या आणि दुसऱ्या बाजूची आडव्या टेकूला लावून हळूहळू दाबतात, तेव्हाच दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर व्हर्नियरने पाहतात. १६.५ मिमी रुळासाठी ते १४.४ मिमीच्या आसपास ठेवतात. दोन्ही रुळांतून वीज घेऊन चालणाऱ्या इंजिनात निदान एका बाजूचे चाक आसापासून विद्युतरोधित असले पाहिजे, अन्यथा रुळावर ठेवताच शॉर्ट होतो.

मोटार न जोडता चाके बसवलेला सांगाडा बोटाने काचेवर ढकलला की चूक कळते. चाके प्रत्येक फेरीत त्याच जागी अडखळली तर एखाद्या आसाचा कोन चुकला आहे. अशा वेळी साइड रॉडची भोके कानशीने लांबट करण्याचा मोह होतो. त्याने अडखळणे थांबते, पण इंजिन लंगडत खडखडू लागते आणि मूळ चूक तशीच राहते. चाक पुन्हा उतरवून कोन लावणे हाच उपाय आहे.

व्यास एक मिलिमीटरने वाढला की इंजिन अर्धा मिलिमीटर वर उचलले जाते. बफरची उंची आणि ब्रेकचे गुटके पुन्हा जुळवावे लागतात. जुन्या चाकांवर रबरी कडी असेल तर ती गेल्यामुळे ओढ कमी होते आणि बॉयलरच्या पोकळीत शिसे भरून ती भरून काढतात.

गेजच्या भानगडीतून सुटण्याची एक वाट नॅरोगेजची आहे. पाचोरा–जामनेर किंवा मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे या जुन्या मार्गांचे मूळ ७६२ मिमी गेज १:८७ मध्ये ८.७६ मिमी होते आणि सहज मिळणारा ९ मिमी रूळ त्याला जवळजवळ अचूक लागू पडतो. येथे चाकांचा व्यास आणि फ्लँज एवढेच सुधारले की समोरूनही इंजिन खरे दिसते.

धावेचा धातू निवडताना नाशिकचा पावसाळा ध्यानात घ्यावा लागतो. पोलादी धाव रंगाला खरी दिसते, पण जून ते सप्टेंबर डब्यात पडून राहिली तर गंजाचे ठिपके धरते आणि वीज तुटक वाहू लागते. निकेल-सिल्व्हरची धाव थोडी पिवळसर वाटली तरी तेवढी त्रासदायक ठरत नाही.