नुसतं 'एच३के२७' लिहू नका

संभाजीनगरच्या आमच्या दुकानातून प्रयोगशाळांना अँटीबॉडी (एखादी ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारी प्रथिनं) जातात. तिथे हा फोन नेहमीचा: "सर, एच३के२७ची अँटीबॉडी आहे का?" आम्ही विचारतो, "कोणती?" तिकडून वैतागून उत्तर येतं, "तीच हो, स्टेम सेलवाली."

स्टेम सेलवाल्या दोन आहेत आणि दोघींचा अर्थ उलटा. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एक एच३. त्याच्या २७व्या लायसिनवर (हे अमिनो आम्ल, खुणेतलं 'के') तीन मिथिल बसले (एमई३) की जनुक बंद राहतं. ते बसवतं पीआरसी२ या प्रथिनसमूहातलं ईझेडएच२ हे एन्झाइम. तिथेच अ‍ॅसिटिल बसलं (एसी) तर ती चालू एन्हान्सर-प्रमोटरची, म्हणजे जनुक चालवणाऱ्या डीएनएच्या भागांची, खूण. एका लायसिनवर दोन्ही एकदम मावत नाहीत.

भ्रूणीय स्टेम सेलमध्ये आणखी एक गंमत आहे. विकासाच्या बऱ्याच जनुकांवर बंदवालं के२७एमई३ आणि चालूवालं के४एमई३ (चौथ्या लायसिनवरचे तीन मिथिल) दोन्ही एकत्र सापडतात, हे २००६ साली पुढे आलं. रान वखरून तयार, तिफण मात्र बांधावर. पेशी चेतापेशीकडे वळली की पॅक्स६सारख्या जनुकावरचं २७चं मिथिल उतरतं, के४ राहतं.

दोनेक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका विद्यार्थ्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'एच३के२७' होतं. त्याला हवी होती एमई३, आम्ही न विचारता एसी दिली. पॅक्स६वरचा सिग्नल उतरायचा, तो चढला. तीन आठवडे तो आणि त्याच्या मॅडम पेशींना दोष देत होते. मग कुणीतरी व्हायलवरचं लेबल वाचलं. निम्मी चूक आमची. तेव्हापासून उलट फोन केल्याशिवाय पार्सल निघत नाही. उशीर लावता म्हणून कुणी रागावलं तरी चालेल, पण उघडलेली व्हायल परत घेता येत नाही.

ऑर्डरमध्ये पूर्ण खूण लिहा, पेशी उंदराच्या की माणसाच्या तेही, आणि काम ब्लॉटचं (जेलमध्ये प्रथिनं वेगळी करून ओळखायचं) की चिपचं (खूण डीएनएवर कुठे आहे ते शोधायचं). ब्लॉटला चालणारी प्रत्येक अँटीबॉडी चिपला चालत नाही. ब्लॉट असेल तर १५ टक्के जेल घ्या. एच३ लहान, १७ किलोडाल्टनच्या आसपास दिसतं, कमी टक्क्यांच्या जेलमधून पळून जातं. तुलनेला टोटल एच३ (खूण असो-नसो, सगळं एच३ ओळखणारी अँटीबॉडी) लागतेच, ती आमच्याकडे असते. सांगितलंत तर लहान नळ्यांत वाटून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लाइट जाते तिथे एकच व्हायल सारखी गोठवणं-वितळवणं परवडत नाही.

एप्रिल-मेमध्ये लातूर-नांदेडचं पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बर्फात येतं. सकाळी गाडी लागेल तेव्हा कुणीतरी तिथे उभं असू द्या.