कोकण किनाऱ्यावरील घरासाठी वातानुकूलन यंत्राची निवड

कोकण किनाऱ्यावर घरासाठी वातानुकूलन यंत्र, म्हणजे बोलीतला ‘एसी’, निवडताना उन्हापेक्षा दमटपणाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा विचार आधी करावा लागतो. रत्नागिरी किंवा मालवणला एप्रिल-मेमध्ये कमाल तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असते. त्याच दिवसांत विदर्भात पारा ४५ च्या घरात जातो. तरी नागपूरचा पाहुणा कोकणात आला की जास्त बेजार होतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही, नुसते गदमदत राहते. वाळ्याचा कूलर इथे फसतो तोही याच कारणाने. पाणी उडाल्याशिवाय तो गारवा देत नाही आणि दमट हवेत पाणी उडत नाही.

अमेरिकी अभियंता विलिस कॅरियरने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन योजना आखली, ती कागद ओलाव्याने फुगू-आक्रसू नये म्हणून. कोकणातल्या घराची गरज त्या छापखान्याच्या बरीच जवळची आहे.

यंत्राची क्षमता टनांत सांगतात. याचा यंत्राच्या वजनाशी संबंध नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेण्याचा वेग म्हणजे १ टन, अर्थात सुमारे ३.५ किलोवॅट. हवेतल्या वाफेचे १ लिटर पाणी करायला अंदाजे २,४५० किलोजूल उष्णता काढावी लागते. १ टनाचे यंत्र तासाभरात सुमारे १२,६६० किलोजूल काढते. म्हणजे तासाला १ लिटर पाणी गाळायचे तर त्याची पाचवा हिस्सा ताकद नुसत्या ओलाव्यावर खर्च होते. खोली गार करणे वेगळेच.

यावरून ‘मग मोठाच घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बहुधा चुकतो. खोलीच्या मानाने फार मोठे यंत्र पाच-दहा मिनिटांत ठरलेले तापमान गाठून कॉम्प्रेसर, म्हणजे आतला वायू दाबून फिरवणारा पंप, बंद करते. ओलावा गाळायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर राहते, उशीला कुबट वास येतो. १०० ते १२० चौरस फुटांच्या झोपण्याच्या खोलीला सहसा १ टन, दीडशेच्या पुढे दीड टन हा ढोबळ अंदाज आहे. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर यंत्र संथपणे जास्त वेळ चालत राहते, म्हणून किनाऱ्यावर तेच बरे. पावसाळ्यात तापमान आधीच २७-२८ अंश असते, तेव्हा गारव्यापेक्षा ओलावा काढण्यावर भर देणारा ‘ड्राय मोड’ उपयोगी पडतो.

हा अंदाज बंदिस्त खोलीचा. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जुन्या घरात मंगलोरी कौलांखाली माळा नसेल, तर गार हवा फटींतून निघून जाते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. तिथे दोन टनही पुरत नाहीत. आधी छत बंद करून घ्यावे. स्लॅबच्या घरावर पावसासाठी पत्र्याची शेड घातलेली असली तर स्लॅब कमी तापतो आणि कमी क्षमतेत भागते.

खरी कसोटी खाऱ्या वाऱ्याची. बाहेरच्या युनिटमध्ये तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमची पातळ पाती असतात, या जोडणीला कॉइल म्हणतात. त्यांवर मिठाचा ओलावा बसला की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा विद्युत-रासायनिक घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम आधी झिजते. पात्यांची पांढरी भुकटी होऊ लागते, पुढे गॅस गळतो. गंजरोधक लेप दिलेली कॉइल घ्यावी. पात्यांचा निळा किंवा सोनेरी रंग म्हणजेच असा लेप असे मात्र नाही, काही लेप फक्त पाणी लवकर निथळावे म्हणून असतात. अख्खी ॲल्युमिनियमची कॉइल स्वस्त पडते, पण तिची दुरुस्ती अवघड. युनिट समुद्राच्या बाजूला न लावता परसदारी, आडोशाला पण मोकळ्या हवेत लावावे आणि महिन्याकाठी गोड्या पाण्याने धुवावे. दिसू नये म्हणून ते बंद पडवीत लपवले की स्वतःचीच गरम हवा ओढत बसते. रंगवलेल्या साध्या लोखंडी स्टँडपेक्षा जस्त चढवलेला स्टँड घ्यावा आणि भिंतीत पक्का बसवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरांवरचे पत्रे उडून गेले होते.

यंत्र किती वीज वाचवते हे दाखवणाऱ्या, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो या सरकारी संस्थेच्या ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, म्हणून लेबलावरची मुदतही पाहावी. जुने ५ तारे आज तितके भरतीलच असे नाही. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे २४ अंशांवर लावूनच येतात. पंखा चालू ठेवला तर २६ अंशही पुरतात. दीड टनाचे यंत्र पूर्ण भारावर साधारण दीड किलोवॅट ओढते, तेव्हा वीजबिलावरचा मंजूर भार आधी तपासावा.

थंड देशांत तळघरातली भट्टी नैसर्गिक वायू जाळून गरम हवा वाहिन्यांतून घरभर पोचवते आणि उन्हाळ्यात त्याच वाहिन्यांतून गार हवा येते. त्यामुळे तिथे दोन्ही यंत्रे जोडीने निवडतात. कोकणात त्या भट्टीला काम नाही. दापोलीत काही पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो खरा, पण तेवढ्याला गोधडी पुरते. गरम-गार दोन्ही देणाऱ्या यंत्राचे जादा पैसे इथे वायाच.

चाकरमान्यांची घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असतात. अशा घरांत यंत्र वापराने झिजण्यापेक्षा पडून राहिल्यानेच जास्त बिघडते: सर्किट बोर्डाला ओल लागते, वायरी उंदीर कुरतडतात, पाल आत शिरून शॉर्टसर्किट करते. शेजाऱ्याकडे किल्ली असेल तर महिन्यातून एकदा तासभर यंत्र चालवून घेतात. एरवी मुख्य स्विच बंदच ठेवतात.